आधी कॉफी, मग पाणी

देवकुंड धबधब्याला जायचं तर ऑक्टोबर उजाडू द्यावा, असं मी विचारेल त्याला सांगते. जुलै-ऑगस्टमधले तिथले व्हिडिओ पाहून मन उचल खातं, हे मला कळतं. पण भर पावसात रायगड जिल्हा प्रशासन बहुतेक वर्षी तिकडे जायला बंदी घालतं आणि ती बंदी मला पूर्ण मान्य आहे. २५ जुलै २०२४ ला देवकुंडाच्या वरच्या ताम्हिणी घाटात चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. पुण्यात अख्ख्या वर्षात सातशे-साडेसातशे होतो. एवढं पाणी ज्या कड्यांवरून खाली उतरतं, त्यांच्या पायथ्याशी त्या दिवसांत माणसाचं काही काम नसतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस ओसरलेला असतो, धबधब्याला पाणी भरपूर असतं, वाट सुकायला लागलेली असते आणि घाटातली सोनकीची फुलं अजून पिवळीधमक असतात.

यंदा आम्ही चौघं गेलो. मी, माझी मैत्रीण, तिची नववीतली मुलगी आणि मैत्रिणीचे वडील. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. काका सत्तरीला टेकलेत, पण अजून रोज सकाळी तलावावर पोहायला जातात. बेत त्यांचाच होता. धबधबा डोळे भरून बघायचा, जिथे पाणी शांत असेल तिथे पोहायचं आणि या दोन्हींच्या मध्ये निवांत बसून कॉफी प्यायची. कॉफी मध्येच का, हे त्यांनी आदल्या रात्री फोनवर सांगितलं. "चालून आल्या आल्या कुणी पाण्यात शिरायचं नाही. कॉफी होईपर्यंत पाण्याकडे बघत बसायचं. आधी कॉफी, मग पाणी."

कॉफीची जबाबदारी माझ्याकडे आली. ती मी आनंदाने घेतली, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. पुण्याला सगळे चहाचं गाव म्हणतात आणि गल्लोगल्लीची अमृततुल्यं बघता ते खोटं नाही. तरी या गावात कॉफीचे चांगले तीन-चार प्रवाह आहेत आणि ते एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वरून जायफळ किसलेली. ती रोज होत नसे. रात्री पाहुणे रेंगाळले, कुणाचं जागरण असलं, की आई जायफळ आणि किसणी काढायची. घराबाहेरची कॉफी उडपी हॉटेलांनी शिकवली. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आणि रूपालीत एका फिल्टर कॉफीवर तासन्‌तास बसलेल्या कितीतरी पिढ्या आहेत, तिथे लग्नं जमली आहेत, संस्था सुरू झाल्या आहेत. पौड रस्त्यावर एमआयटीजवळ दुर्गाची कोल्ड कॉफी ही कॉलेजच्या पोरांची वेगळीच दुनिया. आणि आता बाणेर, औंध, कोरेगाव पार्ककडे बिया स्वतः भाजणारी, कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची हे पाकिटावर छापणारी नवी मंडळी आली आहेत. मला हे सगळेच प्रवाह आवडतात. आईच्या जायफळाच्या कॉफीला नाकं मुरडणारे नवे रसिक मात्र मला पटत नाहीत. तिच्यात जे आहे ते दुसऱ्या कुठल्या कपात नाही.

या सहलीसाठी मी मुद्दाम मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी घेतली. तिची कथा मला फार प्रिय आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोहोचायला महिनेच्या महिने लागत. तेवढ्या काळात समुद्राच्या दमट हवेने बिया फुगत, हिरव्याच्या फिकट पिवळ्या होत, त्यांचा आंबटपणा जाई. तिकडच्या लोकांना तीच चव लागली. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आखडला आणि कॉफी ताजी पोहोचू लागली, तर गिऱ्हाईक म्हणू लागलं की ही आमची कॉफी नाही. तेव्हापासून मंगळूरकडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात बाजूंनी उघड्या असलेल्या गोदामांत बिया पसरून ठेवतात, पावसाळी वारं त्यांच्यातून खेळवतात, पुन्हापुन्हा उलथतात. अरबी समुद्रावरून येणारं हेच नैर्ऋत्येचं वारं वर ताम्हिणीच्या कड्यांना धडकतं आणि देवकुंडाला पाणी देतं. एका वाऱ्याची दोन कामं एकाच सकाळी समोर ठेवावीत, असं माझ्या मनात होतं.

करायची कशात, तर स्टीलच्या दोन मजली फिल्टरमध्ये. जंगलात चूल किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही, हे आमचं ठरलेलंच असतं. फिल्टरला फक्त कडकडीत पाणी लागतं आणि चांगल्या थर्मासमध्ये पहाटे भरलेलं पाणी दहा वाजेपर्यंत पुरेसं गरम राहतं. शिवाय काकांच्या नियमाला हीच पद्धत सोयीची. वरच्या भांड्यातून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात घाई करता येत नाही. दाबून भरलेल्या पुडीवर पाणी ओतलं की आपण फक्त वाट बघायची.

पहाटे साडेपाचला कोथरूडमधून निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि मग उजव्या हाताला मुळशी धरणाचं पाणी. तिथे धुकं होतं, म्हणून गाडी जरा थांबवली. मुलीने विचारलं की हे पाणी पुण्याला येतं का. काकांनी तिला सांगितलं ते मलाही दर वेळी नव्याने चटका लावतं. धरण मुळा नदीवर आहे. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे, पुढे भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते अडवून बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, सह्याद्री उतरवून खाली कोकणात भिऱ्याला नेलं आणि १९२७ मध्ये तिथलं वीजकेंद्र सुरू झालं. वीज करून झालेलं ते पाणी कुंडलिका नदीतून रेवदंड्याच्या खाडीला जातं. कोलाडला लोक जे राफ्टिंग करतात, तेही भिऱ्याहून सोडलेल्या याच पाण्यावर. या धरणाखाली मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं गेली. त्याविरुद्ध १९२१ पासून मुळशीचा सत्याग्रह झाला आणि त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. मुलीची शाळेची बस रोज सेनापती बापट रस्त्यावरून जाते. ती बराच वेळ काचेतून पाण्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आजोबा, हे आम्हाला शाळेत का नाही सांगत?" काकांनी उत्तर दिलं नाही. गाडीत आम्ही कुणीच दिलं नाही.

घाट उतरून विळे, तिथून पाटणूस-भिऱ्याकडे. पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास होतं. गावात माणशी शुल्क भरलं, एका घरी दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवलं आणि गावातला एक तरुण वाटाड्या सोबत घेतला. वाट विचारत विचारत जाता येईल असं कुणाला वाटलं तरी वाटाड्या घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे. वाट चुकण्यापेक्षाही तो पाणी ओळखतो म्हणून. आदल्या दोन दिवसांत वर पाऊस किती झाला, कुठला ओढा कुठे ओलांडायचा, कुठल्या डोहात गेल्या पावसाळ्यात मोठा दगड येऊन बसलाय, हे त्याला माहीत असतं आणि कुठल्याही नकाशात ते मिळत नाही.

चाल एका बाजूची साधारण सहा किलोमीटर आहे. सुरुवातीला भिऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने मोकळी वाट, मग एक ओढा, मग गच्च झाडी. चढ फारसा नाही. दमवतो तो दमटपणा. खाली कोकणात उतरलेलो असतो, वारा बंद आणि ऑक्टोबरचं ऊन. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत, कारण ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ असतं. कपडे लवकर सुकणारे हवेत, जीन्स तर मुळीच नको. काका मध्यम पण अखंड चालीने चालत होते. एका वळणावर शीळकरी कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकू आली, वाटाड्याने बोटाने थांबायची खूण केली आणि आम्ही ती संपेपर्यंत थांबलो. बाकी वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धबधब्याचा आवाज झाडांतून आधी येतो आणि पाणी खूप नंतर दिसतं.

दिसतं तेव्हा मात्र पाय जागीच थबकतात. तिन्ही बाजूंनी काळा कडा, मधून एकसंध उतरणारी पांढरी धार आणि खाली हिरवंनिळं गोल कुंड. कुंडलिकेचा उगम हाच, असं गावातले सांगतात. आम्ही दगडांवर बसलो, चेहऱ्यावर तुषार येत होते.

मुख्य कुंडात आम्ही उतरलो नाही. वाटाड्याने मुलीला ते का, हे नीट समजावलं आणि मला ते इथे सविस्तर लिहायचं आहे, कारण दर पावसाळ्यात यात तरुण मुलांचे जीव जातात. धार पडते तिथे पाण्यात हवा कोंबली जाते आणि पाणी फेसाळ, हलकं होतं. अशा पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही, उत्तम पोहणाराही खाली खाली जातो. शिवाय वरून आदळलेलं पाणी तळाशी जाऊन पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून परत धारेकडे ओढतं. लांबून कुंड शांत दिसतं, पण त्या वळणात सापडलेला माणूस हात मारत राहतो आणि जागचा हलत नाही. धारेबरोबर दगड आणि फांद्याही येतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या पठारावर पाऊस पडत असला तर खाली उन्हात बसलेल्याला ते कळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी अचानक वाढलं आणि ती प्रवाहाच्या मधोमध उभी होती. त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ पाहिल्यापासून धबधब्याखाली हसत उभे असलेले लोक पाहिले की माझ्या पोटात खड्डा पडतो.

अर्धा-पाऊण तास तिथे बसून आम्ही परतीच्या वाटेने थोडं खाली आलो. नदीच्या पात्रात वाटाड्याला माहीत असलेला एक छोटा डोह होता. वर खडकांतून झिरपत येणारं पाणी, खाली उथळ, रुंद निचरा. काकांनी पिशवी ठेवली आणि मला म्हणाले, "चला, लाव तुझा फिल्टर."

मी सपाट खडक बघून मांडामांड केली. बिया तिथेच हातगिरणीवर दळल्या, त्या वासाने वाटाड्याही जवळ येऊन बसला. वरच्या भांड्यात पूड घातली, चकतीने हलकी दाबली, थर्मासमधलं पाणी ओतलं, झाकण लावलं. आणि मग आम्ही पाण्याकडे बघत बसलो. काका आणि वाटाड्या यांचं काम सुरू झालं होतं. वाटाड्याने पाण्याच्या अगदी कडेला, पाणी जेमतेम टेकेल असा एक पांढरा दगड ठेवला. तो बुडू लागला तर वर पाऊस आहे असं समजायचं आणि सामान तिथेच सोडून आधी काठ चढायचा. पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, तरी तेच. काकांनी वाळक्या काटक्या मोडून डोहाच्या वरच्या टोकाला सोडल्या. दोन काटक्या उजव्या काठाने सरळ खाली गेल्या. तिसरी डावीकडच्या मोठ्या खडकाखाली शिरली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिली. "तिथे कुणी जायचं नाही," काका म्हणाले. मग वाटाड्या कमरेला दोर बांधून उतरला आणि पायाने तळ चाचपत आडवा फिरला. मधोमध छातीइतकं, खडकाशी डोक्यावरून. मुलीने हे सगळं टक लावून पाहिलं. तिच्या पायाला चपलेचं एक जुनं सोललेलं होतं, ते पाहून मैत्रिणीने त्यावर पाणी आत न जाणारी पट्टी लावली. वाहत्या ओढ्यात गुरांचं, उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि लेप्टोस्पायरोसिसचा आजार अशा जखमांतून शिरू शकतो. जखम मोठी असती तर तिला काठावरच बसवलं असतं.

तोवर डिकॉक्शन उतरलं होतं. ते पेल्यांत थोडं थोडं घालून वर गरम पाणी, काकांना दुधाची पावडर, मुलीला चव घेण्यापुरतं आणि चिमूटभर गूळ. मॉन्सून्ड मलबारला आंबटपणा जवळजवळ नसतो. घोट दाट, जरा लाकडासारखा, मसाल्याच्या अंगाने जाणारा. नदीकाठच्या ओल्या हवेत ती चव जास्त भरली. आईसाठी म्हणून मी जायफळाचा तुकडा डबीत नेला होता, तो शेवटच्या पेल्यावर किसला. वाटाड्याला तीच सगळ्यांत आवडली. "ताई, ही आमच्या घरी पण जमेल," म्हणाला. उरलेली पूड आणि जायफळ मी त्याला देऊन टाकलं.

या अर्ध्या तासात अंगातला घाम वाळला होता, श्वास जागेवर आला होता. तापलेल्या अंगाने थंड पाण्यात एकदम शिरलं की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी आत जातं. म्हणून आधी पाय, मग मनगटं, मान, छातीवर पाणी मारून मगच उतरायचं. सूर मारायचा नाही, मुटका तर नाहीच. इथे तळाला फरशी नाही.

आणि मग ते पाणी. टिळक तलावात मी पोहायला शिकले, निळ्या फरश्या आणि क्लोरीनचा वास हेच माझ्यासाठी पोहणं होतं. इथे पाण्याला थर आहेत. वर कोमट, पोटाशी गार, पायाशी बर्फगार. हात पुढे टाकला की बोटांना आधी ऊन लागतं, मग सावली. छोटे मासे टाचांना टोचतात. लांबी मोजत पोहायची सवय इथे उपयोगाची नाही, सहा-सात हात मारले की काठ येतो, म्हणून मी पोहणं सोडून नुसती पाठीवर पडून राहिले. कान पाण्यात गेले की धबधब्याचा आवाज बंद होतो आणि पात्रातले खडे सरकल्याचा बारीक आवाज येतो. वर कड्याची कडा आणि आभाळ. मैत्रीण शेजारी आली, तीही तशीच पडली. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या, दोघींच्या मागे घरचं आणि ऑफिसचं लचांड, पण त्या दहा-पंधरा मिनिटांत आम्ही एक शब्द बोललो नाही आणि बोलावंसं वाटलंही नाही.

मुलगी लाइफ जॅकेट घालून काठाशी होती. काका तिच्या पाठीखाली हात धरून उभे होते. "मान सोड. मागे टाक. मी आहे." ती पुन्हा पुन्हा ताठ होत होती आणि कमरेत वाकून बुडत होती. काका तिला आपलं सांगत होते. त्यांच्या गावी विहिरीत शिकवताना पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे, पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, आणि वरून सरळ ढकलून द्यायचे. "मी तुला ढकलणार नाही. तू फक्त मान सोड." शेवटी तिने सोडली. काकांनी हात हळूच काढून घेतला, तिला ते कळलंही नाही. कळलं तेव्हा ती एवढी ओरडली की झाडीतून पक्षी उडाले.

"आजोबा, जॅकेट काढून एकदा?"

"गुडघाभर पाण्यात काढ. इथे नाही."

"फक्त एकदा, प्लीज."

"नाही, बाळा."

तिने तोंड पाडलं, पण गुडघाभर पाण्यात येऊन जॅकेट काढलं आणि तिथे बसूनच पाय मारत राहिली. काकांचं हे मला फार आवडलं. आवाज चढवला नाही आणि नियमही सोडला नाही.

पांढरा दगड शेवटपर्यंत कोरडा होता. तरी साडेअकराला वाटाड्याने सगळ्यांना बाहेर काढलं. ऑक्टोबरात सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर परतीचा पाऊस गडगडाटासह येतो. ओढे त्याच्या आधी ओलांडायचे. ओले कपडे पिशवीत, कॉफीचा चोथा डब्यात बंद, खडकावर आमचं काहीही राहिलं नाही ना हे मुलीने दोनदा पाहिलं. दीडच्या सुमाराला गावात पोहोचलो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वरून आग्रहाने वाढलेला वरणभात. भूक अशी लागली होती की बराच वेळ कुणी बोललं नाही. जेवण संपता संपता घाटावर ढग जमले आणि पाऊस सुरू झाला.

मुळशीपर्यंत पावसातूनच गाडी चालवली, पुढे रस्ता कोरडा मिळाला. पौड रस्त्यावर मुलीने हट्टाने दुर्गाला गाडी थांबवायला लावली. तिला कोल्ड कॉफी, आम्हाला बन मस्का. काका म्हणाले की आज त्यांची कॉफी झाली आहे. तिथे उभ्या उभ्याच तिने आईच्या फोनवर घराजवळच्या तलावाच्या सकाळच्या बॅचची माहिती काढली. नोव्हेंबरपासून जागा आहे, पण अर्जाबरोबर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि दोन फोटो. काकांनी लगेच त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सोमवारी संध्याकाळी सहाची वेळ घेतली.